यंदा मोगऱ्याचं पाणी तुटलं नाही

पौष लागला की थोरव्यांच्या मोगऱ्याचं पाणी तुटायचं, हे मोशीच्या पुढं, नदीच्या अलीकडं असलेल्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोंडाजी थोरवे त्या दिवशी सकाळी पाइपाची गुंडाळी करायचा, तिला सुतळीची गाठ मारायचा आणि पेरूच्या फांदीला अडकवून द्यायचा. मग महिना-सव्वा महिना मोगऱ्याला थेंब नाही. पानं मलूल व्हायची, पिवळी पडायची, गळायची. नुसत्या काड्या उरायच्या. नवखा कुणी कुंपणापाशी थांबून हळहळला, "अरारा, झाडं गेली की वं," तर कोंडाजी हसायचा. "गेली न्हाईत. ताण दिलाय." रथसप्तमीच्या आसपास छाटणी, बुंध्याची माती उकरून मुळ्यांना चार दिवस ऊन, मग शेणखत आणि मग पहिलं पाणी. फाल्गुन सरता सरता कळी दिसायची, आणि चैत्रातल्या अष्टमीला भैरवनाथाच्या पालखीवर पहिली माळ पडायची ती थोरव्यांच्या मोगऱ्याची.

यंदा संक्रांत होऊन गेली तरी मोगरा हिरवागार होता.

भैरू गुरवाची स्कूटर कुंपणाबाहेर थांबली ती त्यामुळंच. देवळातून घरी जाताना त्याची नजर सहज आत गेली, आणि तो तसाच, एक पाय जमिनीला टेकवून बघत राहिला. शालनबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. कोंडाजीला जाऊन अजून तीन महिनेही झाले नव्हते, त्यामुळं घरात तिळगूळ नव्हता, हळदीकुंकू नव्हतं.

"वैनी, ह्ये काय वं? मोगरा येवढा माजलाय कसा?"

"थंडी न्हाई पडली औंदा," शालनबाई तांदळातून नजर न काढता म्हणाली.

"थंडीचा काय संबंध? माझे कान गारठून मोडायला आलेत." भैरू आत आला, एका झाडाचा शेंडा त्यानं चिमटीत धरला. कोवळा, लुसलुशीत. मग वाकून बुंध्याची माती बोटानं उकरली. बोट ओलं झालं. ते त्यानं शालनबाईला दाखवलं. धोतराला पुसलं.

"सुतकाचं मनात आसंल तर काढून टाका. सुतक तेरा दिसाचं. देवाच्या सेवंला वरीस आडवं येत न्हाई."

"सुतकाचं न्हाई."

"मग?"

शालनबाईनं सुपाला एक झटका दिला. तांदूळ उडून पुन्हा सुपात पडले.

"आवं, त्यो दिग्विजय टपून बसलाय," भैरू आवाज खाली आणून म्हणाला. दिग्विजय म्हणजे गावातला प्लॉटिंगवाला. "माळ मीच आणतो म्हणतोय, थायलंडच्या फुलांची. म्या म्हणलं, बाबा, नाथाला थायलंड म्हाईत तरी हाय का? तर म्हणतो, गूगल करंल." तो स्वतःच हसला आणि शालनबाई हसत नाही असं बघून स्कूटरकडं वळला. जाता जाता म्हणाला, "माझ्या हातात हाय तवर मी थांबवतो. पर झाडाला फूलच न्हाई आलं तर मी तरी काय दाखवू? आन् एकदा मान गेला, वैनी, की गेला."

हे तिला सांगायला भैरूची गरज नव्हती. सासऱ्याच्या वेळी पाच एकर होतं. त्यातलं सगळं गेलं. कुठं रस्ता झाला, कुठं गोडाऊन उभं राहिलं. घरामागं, गोडाऊनच्या निळ्या पत्र्याच्या भिंतीला लागून एक गुंठा उरला. त्यात बेचाळीस झाडं. गोडाऊनवाल्यानं ट्रक वळवायला तो गुंठा किती वेळा मागितला. कोंडाजी प्रत्येक वेळी त्याला चहा पाजायचा आणि नाही म्हणायचा. "पाच एकरातनं येवढंच ऱ्हायलंय, ज्याला अजून गाव आमच्या नावानं वळखतं."

जमीन गेल्यावर कोंडाजी चाकणच्या एका कंपनीत माळी म्हणून लागला. बावीस वर्षं त्यानं तिथली हिरवळ कापली, मेंदीची कुंपणं कातरली, साहेबांच्या बायकांना गुलाबाची कलमं बांधून दिली. घरी येऊन पुन्हा मोगऱ्यात शिरायचा. दिवसभर उन्हात असणारा माणूस. पाणी असं प्यायचा की बघत राहावं. तांब्या वर धरायचा आणि ओठ न लावता घटाघटा. गळ्याची घाटी वरखाली व्हायची, दोन थेंब छातीवर सांडायचे आणि रिकामा तांब्या खाली ठेवताना तोंडातून "हाऽऽ" निघायचं. लग्न होऊन आल्या आल्या शालनबाईनं नवऱ्याचं पहिल्यांदा नीट काय पाहिलं असेल तर हे.

आणि त्याच माणसाच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डॉक्टर म्हणाले, दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा, ताक, आमटी सगळं धरून. जास्त झालं तर ते अंगात साठणार, फुप्फुसात उतरणार. मुलगा जयसिंग कंपनीत शिफ्टला, सून योगिनी दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. तेव्हा पाण्यावर पहारा कुणाचा? शालनबाईचा. योगिनीनं प्लास्टिकच्या बाटलीवर काळ्या पेनानं रेघा मारून दिल्या. शालनबाईनं जयसिंगच्या लहानपणचा स्टीलचा बारका पेला काढला आणि माठ उचलून कोठीच्या खोलीत ठेवला.

सुरुवातीला कोंडाजीनं ते थट्टेवारी नेलं. गेल्या पौषात त्यानं बसल्या बसल्या शालनबाईकडून पाइपाची गुंडाळी करून घेतली. तेव्हा म्हणाला, "मला आन् मोगऱ्याला एकाच टायमाला ताण लावलास गं. मोगऱ्याचं बरं हाय. त्याला म्हाईत हाय, रथसप्तमीनंतर पाणी येणार."

मग उन्हाळा आला आणि थट्टा संपली. तो मागायला लागला. लहान पोरासारखा, तोंड बारीक करून. "घोटभर दे. येवढंच. उद्याच्यातलं दे." शालनबाई बर्फाचा खडा द्यायची, लिंबाची फोड द्यायची. श्रावणात एकदा तो बराच वेळ दिसेना म्हणून ती मागं गेली, तर हा मोगऱ्याच्या आडोशाला उकिडवा बसून झारी तोंडाला लावलेली. तिचं टाळकंच फिरलं. झारी हिसकून घेतली. "लाज न्हाई वाटत? लेकानं रजा टाकून तुमाला दवाखान्यात न्यायचं आन् तुमी चोरून झारी चोखायची?" जयसिंग आवाजानं बाहेर आलेला. त्याच्यासमोर. कोंडाजीनं बाहीनं तोंड पुसलं आणि मान खाली घातली. ती खाली गेलेली मान शालनबाईला पुढं नीट वर आलेली आठवत नाही.

कार्तिकातल्या त्या दिवशी नळाला पाणी यायचा वार होता. एक दिवसाआड येणारं पाणी, दुपारी अडीचला सुटायचं. कोंडाजी बाजेवर पडलेला. दोन वाजता म्हणाला, "जीभ टाळ्याला चिकटलीया गं. पाणी दे."

तिनं बाटली पाहिली. दुपारची रेघ कधीच उतरलेली. "पाचला देईन."

"थोडं."

"पाच वाजता म्हणलं ना."

अडीचला बाहेर नळाचा पाइप फुसफुसला आणि ती धावली. पाणी तासभरच येतं. दोन ड्रम, टाकी, घागरी. धार मोठी होती, ड्रमात पडताना भाद्रपदातल्या ओढ्यासारखा आवाज. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ड्रम भरून वाहायला लागला तेव्हा तिनं पाइप काढला. पाय धुतले, पदराला हात पुसत आत आली, तर कोंडाजी भिंतीकडं तोंड करून पडलेला. स्टुलावर तो बारका पेला उपडा घातलेला. रुसलाय, असं तिला वाटलं. रिकामा पेला पालथा करून दाखवतोय. "बरं, बरं, देते," म्हणत तिनं खांद्याला हात लावला.

मग माणसं जमली. तुळशीचं पान आणलं, चमच्यानं तोंडात पाणी घातलं. ते ओठाच्या कोपऱ्यातून गालावर, गालावरून उशीवर उतरलं. आत गेलंच नाही.

"लई सेवा केलीस शालन," बायका म्हणाल्या. "येळच्या येळी औषध, येळच्या येळी मोजून पाणी. दुसरी असती तर कट्टाळली असती."

शेवटचं पाणी मागितलं होतं आणि आपण पाच वाजता देईन म्हणालो, हे तिनं आतल्या आत गाडून टाकलं. तेराव्यापासून ती स्वतः त्याच बारक्या पेल्यानं पाणी प्यायला लागली. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

पौष लागला तेव्हा तिनं रीत म्हणून पाइप गुंडाळला, सुतळीची गाठ मारली, पेरूला अडकवला. पहिले चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भर दुपारी ती धुणं वाळत घालायला मागं आली, आणि बेचाळीसच्या बेचाळीस झाडांनी माना टाकलेल्या. हातातलं लुगडं तिनं तसंच दोरीवर टाकलं. झारी भरली. प्रत्येक बुंध्याला थोडं थोडं. माती चुर्र करून पाणी ओढून घ्यायची. तो आवाज ऐकत ती शेवटच्या झाडापर्यंत गेली, आणि संध्याकाळी पानं उभी राहिलेली बघून तिला त्या दिवसांत पहिल्यांदा नीट झोप लागली.

मग रोजचंच झालं. जयसिंगनं पहिल्यांदा समजुतीनं सांगितलं. मग झारी कोठीत ठेवून कुलूप घातलं. शालनबाई तांदळाचं धुवण टाकायला लागली. तेव्हा मात्र तो चिडला.

"आई, दादानं ह्या एका माळेसाठी गोडाऊनवाल्याला गुंठा दिला न्हाई. फुलंच येणार नसली तर तो गुंठा तरी कशाला ठेवायचा? सांग ना."

"झाडाला ताहान लागती."

"आगं, झाड हाय ते!"

त्यानं डबा उचलला आणि तो शिफ्टला गेला.

भैरू येऊन गेला त्या संध्याकाळी तिनं धुवणाची बादली नाल्यात ओतली. रात्रभर स्वतःला बजावलं. आता न्हाई. त्यांचा मान हाय, त्यांच्यासाठी तरी पाणी घालायचं न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळ निभावली. पण तो नळाचा वार होता. अडीचला पाइप फुसफुसला, ड्रम भरले, टाकी भरली, आणि धार अजून चालूच होती. तिच्या हातात वाहता पाइप आणि चार पावलांवर मोगरा. तिला आपण कधी तिकडं वळलो ते कळलंही नाही. पहिल्या ओळीची आळी भरून वाहायला लागली, चप्पल चिखलात रुतली, तरी ती धरूनच उभी.

पाणी एकदम थांबलं. मागं पाहिलं तर योगिनी. सेकंड शिफ्टला निघालेली, गळ्यात कंपनीचं कार्ड. तिनं पाइप दुमडून मुठीत धरला होता.

"आत्या, बास करा. मरतील झाडं आता पाण्यानं."

"सोड."

"कायला असं करता? भैरूमामा काल एवढं सांगून गेले..."

"सोड म्हणते ना!" आणि मग तिच्या तोंडून ते आलं, जे तीन महिने आलं नव्हतं. "त्यांनी मागितलं हुतं गं. त्या दिशी. दोन वाजता. जीभ चिकटलीया म्हणले. म्या म्हणलं पाचला देते. आन् हितं, ह्या हितं, ड्रम भरून वाहत हुता. माझ्या हातात पाइप हुता योगिनी. घोटभर दिलं आस्तं तर काय झालं आस्तं? ताहानलेला गेला त्यो माणूस. माझ्या हातनं."

ती मोगऱ्याच्या चिखलातच खाली बसली. योगिनीच्या मुठीतला पाइप सुटला आणि पाणी तिच्या पायांवर, स्वच्छ धुतलेल्या सॉक्सवर वाहायला लागलं. तिनं पाय काढला नाही. कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ती जागची हलली नाही.

"ताहानलेले न्हाई गेले," योगिनी म्हणाली.

शालनबाईनं वर पाहिलं.

"मी दिलतं पाणी मामांला. तुमी नळावर हुत्या. मी कामावर जायला आवरत हुते, तर त्यांनी बोलावलं. मी... पेला न्हाई, तांब्या दिला. सगळा. वर धरूनच प्याले, नेहमीसारखे. सगळा प्याले." तिनं गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं. "आन् त्याच दिवशी न्हाई आत्या. रोजच देत हुते. दिवाळीच्या आधीपासून. तुमी भाईर गेल्या की. मला बघवत नव्हतं. लातूरला आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याला आलेल्या कुत्र्यालाबी कुणी हाकलत न्हाई, आन् घरातला माणूस असा... डॉक्टर म्हणले हुते ना, जास्त झालं तर फुप्फुसात उतरतं? मीच मारलं त्यांला. मीच. कुणाला सांगू मी?"

बस निघून गेली. गोडाऊनमध्ये कुणीतरी शटर ओढलं.

शालनबाई चिखलात बसून होती. सगळा तांब्या प्याला. वर धरून. तिनं डोळे मिटले आणि घाटी वरखाली होताना दिसली. छातीत काहीतरी सैल झालं, आणि ते होतं न होतं तोच दुसरं काहीतरी घट्ट झालं.

"पेला उपडा हुता," ती म्हणाली.

"त्यांनीच घालायला लावला. तांब्याबी पुसून फळीवर ठिवायला लावला."

"काय म्हणले?"

योगिनीनं ओल्या सॉक्सकडं पाहिलं.

"बोल की. काय म्हणले?"

"म्हणले... तुझ्या आत्याला सांगू नगंस. ती रागवंल."

शालनबाईनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली, जसं काही कुणी तिला दूरच्या गावचा पत्ता सांगतंय आणि ती तो ध्यानात ठेवतेय. चाळीस वर्षांचा संसार, आणि त्या माणसाचं या जगातलं शेवटचं वाक्य, ती रागवंल. पाणी मिळालं, पण भिऊन प्यायला. तिच्या पाठीमागं. कालपरवा घरात आलेल्या पोरीनं दिलं, जे तिला देता आलं नाही.

समोर योगिनी उभी होती. सव्वीस वर्षांची पोर. तीन महिने हे पोटात घेऊन शिफ्ट करत होती, भाकरी थापत होती, बायकांनी सासूची वाहवा केली तेव्हा चहाचे कप फिरवत होती.

"आत्या, मी मारलं का त्यांला?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"न्हाई म्हणलं ना." शालनबाईनं हात पुढं केला. योगिनीनं तो धरून तिला उठवलं. लुगडं चिखलानं भरलेलं. "ताहानलेल्याला पाणी दिलंस. त्यात मारायचं काय आलं? बरं केलंस. हां? बरं केलंस." दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज जड झाला, पण तिनं तो शेवटपर्यंत नेला. "जयसिंगला सांगू नगंस. कुणालाच नगं. माझ्याकडं ऱ्हाऊ दे त्ये. आन् सॉक्स बदल, गारठशील."

नळाचं पाणी गेलं होतं. तिनं पाइप गुंडाळला, सुतळीची गाठ मारली आणि पेरूला अडकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवळात गेली. भैरू समई घासत बसला होता.

"औंदा माळ न्हाई," ती म्हणाली. "ताण कालपास्नं लावलाय. अर्धा दिऊन भागत न्हाई, नुसता पालाच येतो. पुरा द्यायचा म्हणजे छाटणी शिवरात्रीला जाईल. फूल येईल, पर पालखी हून गेल्यावर."

"येळेवर पाणी तोडायला काय झालं हुतं, वैनी?"

शालनबाईच्या ओठांवर खरं कारण आलं, आणि त्या कारणाच्या मागं सून उभी होती. "म्हातारपण," ती म्हणाली. "इसरले."

भैरूनं समई खाली ठेवली. "कोंडाजीदादा आसते तर असं झालं नस्तं." मग आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली.

"न्हाई, झालं नस्तं," शालनबाई म्हणाली. "दिग्विजयला सांग, आण म्हणावं."

"आन् म्होरल्या वर्षी?"

"म्होरल्या वर्षी आमची फुलं येतील. त्यो घिऊ दील का, ते त्याला इचारावं लागंल."

तिनं नाथाला हात जोडले आणि रस्ता धरला. मग जयसिंगला कळलं. तो मागं जाऊन त्या गुंठ्याच्या कडेला उभा राहिला, निळ्या पत्र्याकडं बघत.

माघ लागला. पानं वाळली, गळली. योगिनी सुट्टीच्या दिवशी पाला गोळा करायची. त्या दोघी तिथं फार बोलत नसत. एकदा योगिनीनं विचारलं, छाटायचं किती? शालनबाईनं आपल्या गुडघ्याच्या खाली हात लावून दाखवलं. "ते हितनं छाटायचे. कात्री तिरकी धरायची. म्हणायचे, पाणी टिकलं न्हाई पायजे कापल्या जागी."

मग एका दुपारी, अडीचला, नळाला पाणी आलं. शालनबाईनं ड्रम भरले. टाकी भरली. धार उरली होती. मोगऱ्याच्या काड्या उन्हात उभ्या होत्या, एकही पान नाही, माती भेगाळलेली. तिनं तोटी बंद केली.

आत येऊन फळीवरून तांब्या काढला. कोंडाजी गेल्यावर पहिल्यांदाच. गार पाण्यानं काठोकाठ भरला, परत मागल्या दारात आली आणि वर धरला, कोंडाजी धरायचा तसा. तिला तसं पिता यायचं नाही. पहिला घोट नाकात गेला, ठसका लागला, चोळी भिजली. तरी तिनं तांब्या खाली केला नाही. दोन घोट, तीन घोट. अर्ध्यावर ती थांबली. पुढं जाईना.

तांब्यात निम्मं पाणी राहिलं. सवयीनं हात मोगऱ्याकडं वळला होता. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, कलता तांब्या हातात धरून. मग तो सरळ केला, पदरानं त्याचा काठ पुसला आणि पाणी आत नेऊन झाकून ठेवलं.